ललिताच्या कार्डावर मैना

मी, सुंदराबाई सीताराम ओव्हाळ, वय वर्षे साठ, राहणार येरवडा, पुणे, पूर्वीचा धंदा खराडीच्या एका आयटी इमारतीत हाउसकीपिंग सुपरवायझर, सध्या घरीच, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मनाने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. त्यांनी आज वार कोणता विचारलं, मी सांगितला. मुलाचं नाव विचारलं, सांगितलं. झोप लागते का विचारलं, नाही म्हटलं. हे शेवटचं त्यांनी दाखल्यात घेतलं नाही, म्हणून मी इथे घेते.

माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट लिहू नका म्हणणारेच दोघे आहेत, त्यांची नावं ज्या त्या जागी येतील. मजकुराचा नमुना शरच्चंद्र काकांनी दिला. काका आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात, पस्तीस वर्षं कोर्टात कारकून होते, आणि जगातल्या प्रत्येक माणसाच्या लिहिण्यात त्यांना चुका दिसतात. त्यांनी बजावलं आहे, "बाई, मृत्युपत्र लिहा. आत्मचरित्र नको." बघू या.

कलम १. घर. येरवड्यातलं माझं राहतं घर, खाली दोन खोल्या, वर एक खोली आणि गच्ची, वीजमीटर आणि नळजोडासहित, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझ्या पतींच्या व्हीआरएसच्या, म्हणजे लवकर निवृत्त केल्याच्या, पैशांतून उभं राहिलं आणि त्यांनी आपणहून माझ्या नावावर केलं. (पुढे मी त्यांना 'हे' म्हणेन. नाव सारखं घ्यायची सवय नाही.) हे पिंपरीकडच्या एका कारखान्यात टर्नर होते, कायम. दोन हजार साली मंदी आहे म्हणून कारखान्याने माणसं कमी केली. ह्यांना व्हीआरएस मिळाली, पीएफ मिळाला, ग्रॅच्युइटी मिळाली, शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. साहेबांनी भाषण केलं, त्यात ह्यांचं नाव दोनदा घेतलं.

ह्यांच्या शेजारच्या लेथवर सहा वर्षं कोंडीराम खिल्लारे उभा होता. तेच काम, तोच पार्ट, तेच तेल हाताला. पण तो ठेकेदाराचा माणूस. त्याला दर सात महिन्यांनी 'ब्रेक' द्यायचे, म्हणजे थोडे दिवस घरी बसवायचे आणि मग नवा माणूस म्हणून परत घ्यायचे. सहा वर्षं झाली तरी कागदावर तो नवाच. मंदीची बातमी त्याला गेटवरच्या वॉचमनने दिली. शाल नाही, नारळ नाही, "उद्यापासून येऊ नको" एवढंच.

घर बांधायला काढलं तेव्हा विटा वाहायला माणूस हवा होता, तर हे कोंडीरामलाच घेऊन आले. ज्याच्याबरोबर डबा खाल्ला त्याला रोजाने ठेवताना ह्यांची मान वर होत नव्हती. कोंडीराम मात्र हसून म्हणाला, "दादा, तुमच्या घराला आपला हात लागतोय, बरंय की." वाशिमकडचा माणूस, बोलायला गोड. वरच्या खोलीचा सगळा माल त्याने डोक्यावरून चढवला आहे.

तर खालच्या दोन खोल्या माझा मुलगा अभय यास. वरची खोली, गच्ची आणि जिन्याने येण्याजाण्याचा हक्क कु. प्रियदर्शनी कोंडीराम खिल्लारे हिला, मालकीने, कायमचा. अभयने ती खोली कुठल्याही बिल्डरच्या कागदात घालायची नाही. प्रियदर्शनी ही त्या कोंडीरामचीच मुलगी. वय अठरा, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, साडेतीन वर्षं माझ्याकडे राहते आणि मला मावशी म्हणते. रक्ताने ती माझी कोणी लागत नाही. तरी का देते, ते कलम ४ मध्ये लिहीन. खरं तर तेच पहिलं कलम हवं होतं. पण बसले की 'कलम १' एवढं लिहून उठते, दूध तापवते, गच्ची झाडते, झाडलेली गच्ची पुन्हा झाडते. चार दिवस हेच चाललं आहे.

कलम २. बाकीच्या वस्तू. ह्यांची व्हर्नियर, मायक्रोमीटर ही मापं घ्यायची हत्यारं असलेली लाकडी पेटी अभयला. त्याला त्यातलं काही वापरता येत नाही, तरी त्यालाच. वर्षातून एकदा तेलाचं बोट फिरवावं आणि बापाने पोट कशावर भरलं ते बघावं. भिंतीवरचं घड्याळ विहाराला द्यावं, वेळ बरोबर दाखवतं. शिलाई मशीन आणि बँकेतली ठेव प्रियदर्शनीला. माझे सुपरवायझरचे दोन निळे ड्रेस फरशी पुसायला घ्यावेत, कापड चांगलं आहे. माझा पितळी डबा नणंद यमुनाबाई यांना. तो त्यांनी १९९१ सालीच नेला आहे, आता निदान राजरोस वापरता येईल.

कलम ३. अभय. हे कलम कशाचं वाटप करत नाही, पण काकांनी खोडलं तरी मी पुन्हा लिहीन. अभय इंजिनिअर झाला आणि त्याला नोकरी लागली ती नेमकी मी जिथे काम करायचे त्याच आवारात, पुढच्या इमारतीत. आनंदाने मी आमच्या बायकांना पेढे वाटले. संध्याकाळी तो म्हणाला, "आई, प्लीज, तिथे मला हाक मारू नकोस. ऑक्वर्ड होतं." मी हाक मारली नाही. दोन वर्षं तो गळ्यात पट्टा घालून माझ्यासमोरून गेला. एकदा मी पुसत होते तिथून जाताना "एक्स्क्यूज मी" म्हणाला. अभय, तुला माफ केलं आहे असं लिहायला काका सांगतात. अजून पूर्ण केलेलं नाही. बरंचसं केलं आहे.

कारण २००९ च्या मार्चमध्ये त्यालाही काढलं. अमेरिकेत काहीतरी बुडालं आणि खराडीतली माणसं घरी आली. त्याला खोलीत बोलावून पत्र दिलं, तीन महिन्यांचा पगार दिला, वर्षअखेरपर्यंत दवाखान्याचा विमा दिला. रडणाऱ्यांसाठी एक समजावणारी बाई बसवली होती, तिच्या टेबलावर टिश्यूचा डबा. तो डबा रोज सकाळी भरून ठेवायचं काम आमच्याकडे होतं. लेकरू वीस दिवस भिंतीकडे तोंड करून पडलं होतं. मी डोक्यावरून हात फिरवला, वरण-भात भरवला. त्याचं दुःख खोटं नव्हतं. पुढच्या वर्षी त्याला आधीपेक्षा चांगली नोकरी लागली, आता बाणेरला फ्लॅट आहे. त्याच मंदीत आमच्यातल्या एकोणीस जणींना काढलं, त्यांना पत्र कसलं आणि टिश्यू कसला. आणि ती एकोणीस नावं माझ्या हातची आहेत.

आमचा ठेकेदार दीनानाथ. मला म्हणाला, "मॅडम, बेचाळीस बायका आहेत, तेवीस ठेवायच्यात. तुम्ही ओळखता सगळ्यांना, तुम्हीच नावं काढा." काही काम करून घ्यायचं असलं की तो मला मॅडम म्हणायचा. मी डोकं चालवलं, ज्यांचे नवरे कमावते होते त्यांची नावं आधी काढली. त्यातल्या एकीचा नवरा कमवत होता पण घरात काही देत नव्हता, हे मला नंतर कळलं. मजले मात्र सातच्या सात राहिले, धूळही तेवढीच राहिली.

कलम ४. मैना. आता लिहिते. मध्ये उठणार नाही.

आमच्या कामात एक रीत होती. बाई बाळंतपणाला किंवा आजारपणाला घरी बसली की तिचं कार्ड मरू द्यायचं नाही. कार्ड मेलं म्हणजे नोकरी मेली. म्हणून तिच्या जागी दुसरी बाई त्याच कार्डावर 'उभी राहायची'. कार्ड मशीनला लावलं की दार उघडतं, दाराला चेहऱ्याशी काय करायचंय? पहिली परत आली की दुसरी बाजूला व्हायची. आठ-पंधरा दिवसांचा मामला असायचा. ह्यात कोणाचं वाईट व्हावं असं कोणाच्या मनात नव्हतं, माझ्या तर अजिबातच नव्हतं. उलट आपण केवढ्या हुशार, एका कार्डावर दोन चुली पेटवतो, असं मला वाटायचं.

२००८ च्या सप्टेंबरमध्ये लोहगावची ललिता बापूराव शेळके बाळंतपणासाठी रजेवर गेली. त्याच सुमाराला मैना माझ्याकडे आली. मैना म्हणजे कोंडीरामची बायको, प्रियदर्शनीची आई. कोंडीराम दोन वर्षांपूर्वी छातीच्या आजाराने गेला होता, हे त्याच्याही आधी गेले होते. मैना दारात उभी राहून म्हणाली, "वहिनी, तुमच्या हाताखाली काही बी काम लावा. पोरगी शाळेत हुशार हाय." मी दीनानाथला विचारलं. तो म्हणाला, "नवीन कार्ड निघणार नाही, कंपनीने भरती बंद केलीय. ललिताचं कार्ड आहे ना? त्यावर उभी करा." मी उभी केली. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला.

ललिताचं बाळ अशक्त निघालं, ती रजेच्या दोन महिन्यांचे तीन, तीनचे सहा करत राहिली. तिलाही नोकरी सोडायची नव्हती, मंदीत परत कोण घेणार होतं? तर जवळजवळ अकरा महिने मैना ललिता होती. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, ललिता, पीएफ ललिताचा, ईएसआयचा कामगार विमा ललिताचा. पगार तेवढा मैनाच्या हातात यायचा. साहेब लोक "ललिता, इकडे चहा सांडलाय" म्हणायचे की ती "जी" म्हणून जायची. चार महिन्यांत ती इतकी सरावली की आम्ही मैना म्हटलं तर तिला दोनदा हाक मारावी लागायची. आम्ही हसायचो. मीसुद्धा हसायचे.

बायका कमी केल्यावर तिच्याकडे दोन मजले आले. वीज वाचवायची म्हणून सामानाची लिफ्ट बंद केली होती, आणि साहेबांच्या लिफ्टमध्ये आम्हाला बादली घेऊन जायची बंदी. फरशी घासायचं मशीन जिन्याने न्यायचं. मी दीनानाथला दोनदा सांगितलं, मशीन जड आहे, दोघी लागतात. तो म्हणाला, "मंदी आहे, मॅडम." तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही. हे लिहून ठेवते.

ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मी मनात म्हटलं बरंच झालं, आता मैना की ललिता कोण बघतंय. बारा ऑगस्टला सकाळी साडेआठला मैना पाचव्या मजल्याच्या जिन्यावरून मशीनसकट खाली आली. डोकं आपटलं. मी पोचले तेव्हा डोळे उघडे होते. म्हणाली, "वहिनी, मशीनला काही झालं का?" त्यानंतर ती बोलली नाही.

विम्याच्या दवाखान्यात न्यायचं तर कार्ड दाखवावं लागणार, आणि कार्डावर ललिताचा फोटो. मी दीनानाथला फोन केला. तो वीस मिनिटांत आला, तेवढा वेळ मैना गेटजवळच्या बाकावर, डोकं माझ्या मांडीवर. वॉचमनच्या टेबलावर त्याने एक कागद लिहिला आणि पेन माझ्या हातात दिलं. कागदात लिहिलं होतं की सदर स्त्री येथील कामगार नसून माझ्या ओळखीची आहे, मला डबा देण्यासाठी आली होती आणि परवानगीशिवाय जिन्यावर गेली. मी म्हटलं, "अहो, काय लिहिताय हे?" तो म्हणाला, "खरं सांगितलंत तर तेवीसच्या तेवीस कार्डं तपासतील. किती जणी दुसरीच्या कार्डावर आहेत, तुम्हालाच माहीत. सगळ्या संध्याकाळी रस्त्यावर. करू का तसं?"

तेव्हा आणखी पाच जणी तशा होत्या. आणि माझी नोकरी. ती वाचवायची होती हेही लिहिते, नाहीतर काका म्हणतील बाई स्वतःच्याच गळ्यात हार घालतेय. अभय अजून बिननोकरीचा, घरात एकच पगार, माझा. आणि मला खरोखर वाटलं की मैना बरी होईल, मग तिची समजूत घालीन.

मी सही केली. माझ्या साठ वर्षांत मला कोणी कामावर डबा आणून दिलेला नाही. माझा मी न्यायचे.

मग रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेलं. फ्लूच्या रांगा, माणसावर माणूस. नऊ दिवसांनी मैना गेली. नोंदीत तिचं नाव मैना, धंदा घरकाम. तिकडे मस्टरवर ललिता पूर्ण महिना हजर लागली. त्याच महिन्याअखेर ललिताने राजीनामा दिला. म्हणजे दीनानाथनेच तो लिहिला, तिने खाली नुसती सही केली.

कामावर जीव गेला तर मागे राहिलेल्या लेकराला विम्यातून दर महिन्याला काही मिळतं. मुलीला लग्न होईपर्यंत. हे मला तेव्हाही माहीत होतं, सुपरवायझरच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. प्रियदर्शनी चौदा वर्षांची होती. तिने विचारलं, "मावशी, आईचं काहीच नाही का मिळणार?" मी सांगितलं, "ठेकेदारीत काही मिळत नसतं गं." तिने मान डोलावली. मी तिला घरी आणलं, न्हाऊ-माखू घातलं, शाळेची फी भरली. लोक म्हणाले सुंदराबाईंचं मन मोठं. कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून माझं नाव लिहून तिने मला दाखवलं, मी त्या दिवशी जेवले नाही. पित्त झालंय म्हटलं.

म्हणून मी या कलमान्वये जाहीर करते की १ ऑक्टोबर २००८ ते १२ ऑगस्ट २००९ या काळात ललिता शेळके या नावाने काम करणारी बाई मैना कोंडीराम खिल्लारे होती, ती कामावर असताना, कामाच्या मशीनसकट जिन्यावरून पडली, आणि मी दिलेला कागद खोटा आहे.

कलम ५. दीनानाथ. जुन्या मस्टरची प्रत मागायला मी मागच्या महिन्यात गेले होते. आता त्याच्याकडे चार इमारती आहेत. म्हणाला, "मस्टर गोडाऊनमध्ये भिजलं, मॅडम. आणि कशाला उकरता? तुमचीच सही आहे." लिहू नका म्हणणाऱ्यांपैकी हा पहिला. त्यास माझ्या मिळकतीतून काहीही नाही. या कागदाची झेरॉक्स तेवढी द्यावी, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह.

इथपर्यंत लिहून गुरुवारी दुपारी मी काकांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा पुसत दोनदा वाचलं. मला वाटलं आता काना-मात्रा काढतील. तर म्हणाले, "बाई, हे कधी उघडणार?"

"मी गेल्यावर. मृत्युपत्र आहे ना?"

"म्हणजे कलम चारमधली साक्षीदार तुम्ही, आणि साक्ष द्यायची वेळ येईल तेव्हा तुम्ही नसणार. सोयीचं आहे."

मी म्हटलं, "काका, टोमणे नकोत."

"टोमणा नाही. विम्याच्या अर्जाची मुदत कधीच टळली आहे. तरी उशिराचं कारण पटलं तर अर्ज घेतात. त्या मुलीने कारण काय लिहायचं? कारण तुम्ही आहात. कारणाने स्वतः जायला हवं, पायाने चालत. आणि तुमच्यावर काही कारवाई झाली तर ती जिवंतपणीच होते, नंतर होत नाही."

मला भयंकर राग आला. घरी आले, कांदे चिरायला घेतले, दोन लागत होते, सात चिरले. खरं सांगू? मृत्युपत्र लिहायचं मनात आलं तेच ह्यासाठी. मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? तोंड लपवायला जागाही आपोआप मिळते. म्हातारा बरोबर बोलला म्हणून जास्त झोंबलं.

कलम ६. हे नमुन्यात नाही. काल शुक्रवारी प्रियदर्शनी कॉलेजातून आली, तिला चहा दिला आणि समोर बसवून कलम चार वाचून दाखवलं. शेवटपर्यंत वाचलं. ती रडली नाही. तिने कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "आईला तिथे ललिता म्हणायचे?"

"हो."

"आणि ती वळून बघायची?"

"बघायची."

"तुम्ही काय म्हणायचात?"

मी सांगितलं, साहेबांसमोर आम्ही पण ललिताच म्हणायचो. तिने मला 'तुम्ही' म्हटलं होतं. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "पोरी, वरची खोली मी तुझ्या नावावर केली आहे." ती उठली. म्हणाली, "खोली नको मला. कागद पाहिजे. आई तिथे होती असा एक कागद." मग वर जाऊन दार लावून घेतलं. सकाळचा चहा पायरीवर ठेवला होता, तो तसाच आहे, साय धरली आहे. मी चार वेळा जिन्यापर्यंत जाऊन आले. खोली मी तरी देतेच आहे, घेणं न घेणं तिची मर्जी. कलम १ कायम.

कलम ७. ललिता. ह्या सगळ्याला माझ्या शब्दाशिवाय आधार एकच, तो म्हणजे ललिता. ती जिवंत आहे, लोहगावात आहे, आणि कार्डावरचा फोटो तिचा आहे. मी तिच्याकडे दोनदा गेले. दोन्ही वेळा ती खाली मान घालून भांडी घासत राहिली आणि तिचा नवरा बापूराव बोलला. त्याची रिक्षा आहे. "मावशी, आमच्या बायकोला यात वढू नका. तिचं कार्ड हाय, तिच्याच नावचा पीएफ हाय, तिनं काढला. आता उलटं बोलली तर ते पैसं मागत्याल, वर केस करत्याल. तुमच्या पापाला आमची सही कशाला?" लिहू नका म्हणणारा दुसरा तो हा. त्याचं बोलणं खोटं म्हणता येत नाही. मैनाचे अकरा महिने ललिताच्या खात्यात जमा झाले, ते तिने बाळाच्या औषधपाण्याला काढले. मंदीत तीही सापडलेलीच होती. मी निघताना एवढंच म्हटलं, "शनिवारी अकराला माझ्या घरी ये. नाही आलीस तर मी तुझं नाव कुठे वाईट घेणार नाही." ती ताट घासत राहिली, ते ताट आधीच लख्ख होतं.

काका म्हणतात साक्षीदार कोणीही चालतो, शेजारच्या दुकानदाराला बोलावू. दुकानदार माझी सही खरी म्हणून सांगेल. त्यापलीकडे त्याला काय ठाऊक? साक्षीदार क्रमांक दोनची जागा मी रिकामी ठेवते आहे.

कलम ८. अंत्यविधी. मी गेल्यावर त्रिशरण पंचशील म्हणावं, विद्युतदाहिनीत न्यावं. जेवणावळ नको. भाषणात मन मोठं होतं वगैरे कोणी बोलू नये. बोललाच तर त्याला हे कलम चार वाचायला द्यावं.

कलम ९. अंमल. घर आणि वस्तूंची कलमं माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत, व्यवस्था अभयने बघावी. अभयला मी सकाळी फोनवर सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "ऑक्वर्ड झालं असतं." मग तो म्हणाला, सोमवारी मी सुट्टी घेतो, गाडी घेऊन येतो. मी म्हटलं, गाडीत पुढे प्रियदर्शनी बसेल.

कलम चार मात्र माझ्या मृत्यूची वाट बघणार नाही. त्याची स्वतंत्र प्रत, प्रतिज्ञापत्र म्हणून, सोमवारी मी स्वतः घेऊन विम्याच्या कार्यालयात जाणार, तिथून कामगार कार्यालयात, जिथे जिथे पाठवतील तिथे. माझ्यावर जी काही कारवाई व्हायची ती व्हावी. भीती वाटते, हे खरं आहे. मूळ कागद आजपासून प्रियदर्शनीच्या ताब्यात राहील, माझ्या कपाटात नाही.

आता बारा वाजायला पाच मिनिटं आहेत. ललिता आलेली नाही. काका पंख्याखाली बसून तिसऱ्यांदा घड्याळाकडे बघत आहेत. मी सही करते, मला थांबता येत नाही.

हे वाचून, समजून, कोणी धाक न घालता लिहिलं आणि दोन ठिकाणी खोडलं, ती खोडाखोडही माझीच.

ठिकाण: येरवडा, पुणे
दिनांक: ९ मार्च २०१३, शनिवार

(सही) सुंदराबाई सीताराम ओव्हाळ

साक्षीदार क्र. १: शरच्चंद्र त्रिंबक भिडे, निवृत्त, राहणार येरवडा. बाईंनी माझ्यासमोर सही केली. शुद्धीवर होत्या. माझी एकही दुरुस्ती त्यांनी घेतलेली नाही, ते योग्य केले.
(सही)

साक्षीदार क्र. २: ललिता बापूराव शेळके, राहणार लोहगाव. सव्वाबाराला आले. मालक बाहेर रिक्षात बसलेत, आत येत नाहीत. मैनाची मुलगी खाली आली आणि तिनंच मला पेन दिलं. मी माझ्या हातानं लिहिते की कार्ड माझं होतं, काम मैनानं केलं. बारा ऑगस्टला ती जिन्यावरून पडली, त्या सकाळी मी माझ्या घरी होते, लेकीला अंघोळ घालत होते.
(सही)